दिवटीच्या उजेडातला ऑटोफोकस

धाराशिव जिल्ह्यात छायाचित्रकाराला मोह पाडणाऱ्या जागा बहुतेक अंधाऱ्या आहेत. बालाघाटाच्या रांगेत कोरलेल्या धाराशिव लेण्यांचे गाभारे, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवणाऱ्या धरणाच्या पोटातला पाणीमहाल, तुळजापुरात नवरात्राच्या रात्री निघणारा छबिना आणि गावोगावच्या अंगणांत दिवटीच्या उजेडात उभा राहणारा गोंधळ, या सगळ्या ठिकाणी डिजिटल कॅमेऱ्याविषयी एकच तक्रार ऐकू येते. शटरचे बटण अर्धे दाबले की लेन्स घरघरत पुढे-मागे फिरत राहते, पडद्यावरची चौकट हिरवी होत नाही, आणि कधी झालीच तरी घरी येऊन चित्र मोठे करून पाहिल्यावर ते ‘आउट’ गेलेले आढळते. यावर नवा कॅमेरा घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो पुष्कळदा अनाठायी असतो. कारण ऑटोफोकसला, म्हणजे लेन्स आपोआप योग्य अंतरावर जुळवणाऱ्या यंत्रणेला, वस्तू अशी दिसतच नाही, तिला दिसते ती उजळ आणि गडद भागांमधली कड, आणि अंधारात ही कड तिला कशी पुरवायची हा प्रश्न कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा छायाचित्रकाराच्या नजरेवर अधिक अवलंबून असतो.

उपाय शोधण्यापूर्वी दोष नेमका कोणता, हे ठरवणे आवश्यक आहे, कारण अंधारात बिघडलेले प्रत्येक चित्र फोकसमुळे बिघडलेले नसते. चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले असता चेहरा अस्पष्ट, पण त्यामागची भिंत किंवा पुढची समई रेखीव दिसत असेल, तर फोकस चुकीच्या अंतरावर बसला असे समजावे. चित्रात कुठेच काही रेखीव नसेल आणि प्रत्येक दिव्याची एकाच दिशेला रेघ ओढली गेली असेल, तर हात हलला आहे. बोलीभाषेत फोटो ‘शेक’ झाला आहे. भिंत, खांब, जमीन स्वच्छ असून केवळ संबळ वाजवणाऱ्याचे हात पुसट झाले असतील, तर शटरचा वेग हालचालीला पुरा पडलेला नाही. पहिल्या प्रकाराला ऑटोफोकसचे उपाय लागू पडतात, उरलेल्या दोहोंना शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संकेताला दिलेली वाढ, या गोष्टी लागू पडतात. सेकंदाच्या पंधराव्या भागाइतक्या संथ शटरने नाचता गोंधळी टिपून ऑटोफोकसला बोल लावणे हा कॅमेऱ्यावर अन्याय आहे.

ऑटोफोकसच्या प्रचलित पद्धती दोन आहेत. कॉन्ट्रास्ट पद्धतीत कॅमेरा लेन्स थोडी सरकवतो, शेजारच्या बिंदूंमधला उजळ-गडद फरक मोजतो, पुन्हा सरकवतो, आणि तो फरक सर्वाधिक होईल तेथे थांबतो. मात्र सर्वाधिक बिंदू कोणता हे तो ओलांडल्याखेरीज कळत नसल्यामुळे लेन्सला पुढे जाऊन मागे यावेच लागते. फेज पद्धतीत लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी येणाऱ्या प्रकाशापासून दोन प्रतिमा तयार करून त्यांच्यातले सरकलेपण मोजले जाते, आणि त्यावरून लेन्स कोणत्या दिशेला व किती हलवायची हे एकदमच कळते. १९७७ साली आलेला कोनिका सी-३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा होता. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ही यंत्रणा एसएलआर, म्हणजे आरशाच्या, कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली. २०१० साली फुजीफिल्मने फेज पद्धतीचे बिंदू थेट चित्र घेणाऱ्या सेन्सरवर आणले आणि २०१३ साली कॅननने ईओएस ७०डी मध्ये सेन्सरवरील प्रत्येक बिंदू दुभागून त्याला चित्र आणि फोकस अशी दोन्ही कामे दिली. आजचे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले, कॅमेरे बहुधा दोन्ही पद्धती एकत्र वापरतात आणि अंधार वाढला की फेजकडून कॉन्ट्रास्टकडे वळतात. भर गोंधळात लेन्स अचानक शोधाशोध करू लागते तिचे एक कारण हेच आहे. मात्र पद्धत कोणतीही असो, गुळगुळीत काळ्या भिंतीकडे रोखल्यावर दोन्ही सारख्याच निरुपाय होतात, कारण मोजायला फरकच नसतो.

अंधारात हा फरक नाहीसा का होतो, याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि हे कण ठरावीक अंतराने येत नाहीत. पावसाचे पहिले तुरळक थेंब पडू लागले असता अंगणातल्या शेजारशेजारच्या दोन फरशांवर सारखेच थेंब पडत नाहीत, पण मुसळधार सरीत दोन्ही सारख्याच भिजतात, तसेच हे आहे. एखाद्या बिंदूवर सरासरी १०,००० प्रकाशकण येत असतील, तर त्या संख्येत आपसूक होणारा चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्का असतो. तेथे सरासरी १०० च कण येत असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के होतो. आता कातळावरच्या नक्षीत आणि तिच्या मागच्या पृष्ठभागात उजेडाचा फरक पाच टक्केच असेल, तर पहिल्या स्थितीत तो स्पष्ट मोजता येतो आणि दुसऱ्या स्थितीत चढउतारात बुडून जातो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधारात जी रवाळ वळवळ दिसते ती याचीच खूण होय, आणि ऑटोफोकसला त्या वळवळीतून खरी कड वेगळी काढावी लागते.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘उणे ४ ईव्ही’ किंवा ‘उणे ६ ईव्ही’ असे जे आकडे छापलेले असतात, ते ऑटोफोकस किती काळोखापर्यंत चालेल याचे असतात. आयएसओ १०० वर, एफ/१ एवढ्या उघड्या लेन्सने, एक सेकंदात योग्य चित्र मिळेल इतका उजेड म्हणजे शून्य ईव्ही, आणि त्याखालच्या प्रत्येक पायरीवर उजेड निम्मा होतो. पौर्णिमेच्या चांदण्यात न्हालेले माळरान साधारण उणे २ ते उणे ३ च्या आसपास भरते. २०११ च्या कॅनन ईओएस ६००डी ची मर्यादा उणे ०.५ होती, २०१६ च्या निकॉन डी५०० ची उणे ४, आणि २०२० च्या कॅनन ईओएस आर६ ची उणे ६.५ सांगितली गेली. प्रगती खरी आहे, पण आर६ चा आकडा एफ/१.२ ची लेन्स, मधला फोकसबिंदू आणि स्थिर विषय गृहीत धरून दिलेला आहे, ही अट बारीक अक्षरांत असते. त्याच कॅमेऱ्याला एफ/५.६ वर थांबणारी साधी झूम लेन्स लावली की त्या आकड्यातल्या चारहून अधिक पायऱ्या गळून पडतात.

म्हणून अंधारात खर्च करायचाच असेल, तर तो आधी लेन्सवर करणे शहाणपणाचे ठरते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स दूरच्या टोकाला एफ/५.६ इतकीच उघडते, तर ५० मिलिमीटरची स्वस्तातली लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडून सेन्सरकडे जवळजवळ दहापट प्रकाश पाठवते. मिररलेस कॅमेऱ्यात हा लाभ ऑटोफोकसला थेट मिळतो. आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र फोकसचा वेगळा सेन्सर लेन्सच्या ठरावीक भागातूनच येणारा प्रकाश वापरत असल्यामुळे एफ/२.८ च्या पलीकडे फारसा फायदा होत नाही, असा एक बारकावा आहे. याउलट काही मिररलेस कॅमेरे चित्रासाठी निवडलेल्या अपर्चरवरच, म्हणजे लेन्सच्या झरोक्याच्या त्याच आकारावर, फोकस करतात, त्यामुळे एफ/८ निवडून अंधारात फोकस मागणे म्हणजे यंत्रणेचे डोळे आपणच मिटणे होय. दिवसा लावलेला पोलरायझर फिल्टर रात्री तसाच राहिल्यामुळे दीड-दोन पायऱ्यांचा प्रकाश वाया जातो, हेही अनेकदा लक्षात येत नाही.

धाराशिव लेण्यांत ही सगळी चर्चा प्रत्यक्ष पडताळता येते. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, हा वाद अभ्यासकांमध्ये बराच रंगलेला आहे. कॅमेऱ्यापुढचा पेच मात्र वेगळाच असतो, तो असा की मोठ्या मंडपात उभे राहिले असता दाराकडची बाजू डोळे दिपवणारी आणि गाभाऱ्याकडची बाजू काळीकुट्ट दिसते. सर्व फोकसबिंदू मोकळे सोडले, तर कॅमेरा सर्वांत ठळक कड, म्हणजे दारातल्या उन्हाची आणि खांबाची सीमा, निवडतो आणि मूर्ती सुटते. येथे एकच लहान फोकसबिंदू स्वतः निवडणे हा पहिला उपाय, आणि तो कोठे ठेवायचा हा दुसरा, अधिक महत्त्वाचा. मूर्तीच्या छातीचा सपाट, झिजलेला कातळ कॅमेऱ्याला काहीच देत नाही; पण नागफण्याची कड, कानाची पाळी किंवा मांडीखालची सावली त्याच अंतरावर असते आणि भरपूर देते. टॉर्च वापरायची असेल, तर ती कॅमेऱ्याशेजारून समोर मारू नये, कारण समोरच्या उजेडात उठाव सपाट होतो. तीच टॉर्च हात लांब करून बाजूने, भिंतीलगत तिरपी धरली, तर कोरीव कामाच्या प्रत्येक रेषेला सावली पडते आणि मघापर्यंत चाचपडणारी लेन्स एका झटक्यात थांबते. उजेड तेवढाच असतो, बदललेला असतो फक्त कोन. फोकस बसला की तो पक्का करून, टॉर्च विझवून, नैसर्गिक उजेडात चित्र घेता येते. तिपाई लावायची असेल, तर संरक्षित स्मारकांत परवानगीची चौकशी आधी केलेली बरी.

नळदुर्गला याच तत्त्वाची दुसरी बाजू दिसते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या धरणाच्या आत पाणीमहालाच्या खोल्या आहेत, आणि पावसाळ्यात ‘नर’ व ‘मादी’ या सांडव्यांवरून कोसळणारे पाणी पाहायला माणसांची रीघ लागते. दगडी चिऱ्यांच्या भिंतीत आडव्या सांध्यांच्या रेषा पुष्कळ दिसतात, पण सेन्सरवरील फेज पद्धत बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्सची डावी आणि उजवी बाजूच तपासते, म्हणून तिला उभ्या कडा चटकन कळतात आणि आडव्या कळत नाहीत. समोर ठळक रेषा असूनही कॅमेरा का अडखळतो, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. कॅमेरा तिरपा किंवा उभा धरून फोकस करावा, बटण अर्धे दाबलेले ठेवावे आणि मग चौकट पुन्हा आडवी करावी. महागड्या कॅमेऱ्यांतील ‘क्रॉस’ बिंदू दोन्ही दिशा तपासतात, आणि आरशाच्या कॅमेऱ्यांत असा बिंदू बहुधा मध्यभागी असतो, यामुळे अंधारात मधला बिंदू वापरण्याचा जुना सल्ला अजून टिकून आहे.

गोंधळात विषय स्थिर राहत नाही आणि उजेडही स्थिर राहत नाही. दिवटीची किंवा पोताची ज्योत चौकटीतली सर्वांत उजळ गोष्ट असल्यामुळे कॅमेरा तिच्याकडे धावतो, पण ज्योतीचा गाभा सेन्सरवर पांढराफटक उमटतो, त्यात तपशील नसतो, आणि तिची कड क्षणोक्षणी बदलते. शिवाय लहान तेजस्वी बिंदू फोकसबाहेर गेला की त्याची मोठी, रेखीव काठाची चकती बनते, आणि कॉन्ट्रास्ट पद्धत त्या चकतीच्या काठालाच खरी कड समजून तेथे समाधानाने थांबते. चौकट हिरवी झाली आणि तरीही चित्र साफ बिघडले, असे दिव्यांच्या रात्री घडते ते बहुधा यामुळे. गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ ही अशा वेळी छायाचित्रकाराची मोठीच सोय आहे, कारण गडद अंगरख्यावरच्या पांढऱ्या, खाचदार कवड्यांइतकी स्पष्ट कड त्या अंगणात दुसरी सापडत नाही. माळ आणि डोळे यांच्या अंतरात थोडा फरक पडतो हे खरे, पण फुल-फ्रेम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर उघडून तीन मीटरवरून चित्र घेतले, तर रेखीव दिसणारा पट्टा एकूण सुमारे ३९ सेंटिमीटर खोल असतो आणि तो फरक त्यात मावतो. दीड मीटरवर गेले की हाच पट्टा दहा सेंटिमीटरच्या आत येतो आणि सवलत संपते. म्हणून दोन पावले मागे सरकणे हाही फोकसचाच उपाय ठरतो.

कॅमेऱ्याचा साहाय्यक दिवा, म्हणजे फोकससाठी पुढे उजेड टाकणारा लहानसा एलईडी, तीन-चार मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही, लेन्सच्या हुडने किंवा बोटांनी सहज झाकला जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत फक्त ‘सिंगल’ फोकसमध्ये चालतो, ‘कंटिन्युअस’ म्हणजे सतत पाठलाग करणाऱ्या फोकसमध्ये नाही. दिवा पेटतच नाही अशी तक्रार असेल, तर आधी हा पर्याय तपासावा. जुन्या फ्लॅशमधून पडणारी तांबडी जाळी आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेली होती आणि अनेक मिररलेस कॅमेऱ्यांना तिचा उपयोग होत नाही. अंगात आलेल्या आराध्याच्या किंवा दर्शनाच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांवर असा दिवा मारणे उचित नाही हेही आहेच, आणि तो मेनूतून बंद ठेवणारे छायाचित्रकार फोकसचे बटण शटरपासून वेगळे करून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणावर नेतात. अंगठ्याने एकदा फोकस पकडला की अंगठा उचलावा, आणि गोंधळी त्याच अंतरावर येईल तेव्हा नुसते शटर दाबावे, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी शोधाशोध नव्याने सुरू होत नाही. बटण दाबूनही कॅमेरा चित्रच घेत नसेल, तर तो बिघडलेला नसून ‘फोकस बसल्याखेरीज शटर नाही’ या व्यवस्थेवर ठेवलेला असतो.

तुळजापुरात नवरात्राच्या दिवसांत प्रकाशाची ददात नसते, तरी फोकस सुटतो, आणि त्याचे कारण रंगांत शोधावे लागते. सेन्सरवरील निम्मे बिंदू हिरव्या आणि प्रत्येकी पाव बिंदू तांबड्या व निळ्या गाळणीखाली असतात, त्यामुळे रोषणाई निव्वळ तांबडी किंवा निळी असेल, तर तीन चतुर्थांश बिंदू जवळपास आंधळे होतात. डोळ्याला लख्ख वाटणारा उजेड कॅमेऱ्याला तुटपुंजा पडतो. रंगीत झोताऐवजी हॅलोजनचा किंवा दुकानाचा पांढरा उजेड चेहऱ्यावर येईपर्यंत थांबणे, हाच येथे व्यवहार्य मार्ग आहे. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्याने फोकसचे मोजमाप डळमळू शकते, आणि लुकलुक टाळणारा पर्याय कॅमेऱ्यात असल्यास तो चालू ठेवावा.

काचेमागच्या वस्तूंची अडचण निराळी आहे. तेर हे प्राचीन तगर, आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळाच्या लहान, नाजूक वस्तू काचेआड ठेवलेल्या आहेत. तेथे छायाचित्रणास अनुमती असेल तेव्हा मंद उजेडात कॅमेरा काचेवरचे प्रतिबिंब किंवा बोटांचे ठसे पकडतो. रबरी हुड काचेला अलगद टेकवला की प्रतिबिंब जाते आणि लेन्सला आतली वस्तूच उरते. १९७८ साली पोलरॉइडने ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा कॅमेरा आणला होता. तो मिट्ट काळोखातही फोकस करी, पण काचेपलीकडे त्याला काही कळत नसे, कारण ध्वनी काचेवरूनच परत येई. अंतर थेट मोजण्याची ती कल्पना आता मोबाइलमध्ये लेझरच्या रूपाने परतली आहे, आणि २०२० च्या आयफोन १२ प्रो पासून लायडार ही प्रकाशाच्या प्रवासावरून अंतर काढणारी यंत्रणा अंधारातल्या फोकसला मदत करते.

विषय हलत नसेल, तर ऑटोफोकस बंद करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पडद्यावर प्रतिमा पाच ते दहा पट मोठी करून हाताने लेन्स फिरवणे हा लेण्यांत सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. फोकस पीकिंग, म्हणजे रेखीव कडा रंगवून दाखवणारी सोय, सवडीला बरी, पण अंधारातल्या रवाळ प्रतिमेत ती नको तेथेही रंग दाखवते. माळावरून आकाशगंगा टिपताना एखादा ठळक तारा मोठा करून तो सर्वांत लहान दिसेल तेथे लेन्स थांबवावी. आजच्या बहुतेक लेन्स अनंताच्या खुणेपलीकडेही फिरतात, त्यामुळे कडी टोकाला नेऊन ठेवणे पुरत नाही.

हे सर्व करूनही फोकस लागत नसेल, तर तोच प्रयोग भर दुपारी, उन्हातल्या छापील मजकुरावर करून पाहावा. उजेडातही लेन्स चाचपडली, तर आधी लेन्सवरचा एएफ-एमएफ खटका आणि अंतर मर्यादित करणारा खटका पाहावा, मग लेन्स काढून तिच्या मागचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, मऊ कापडाने पुसावेत, पुढच्या काचेवर हळद-कुंकवाची पूड किंवा तेलाचा थर बसला आहे का ते तपासावे, आणि दुसरी लेन्स लावून दोष कॅमेऱ्यात आहे की लेन्समध्ये हे वेगळे करावे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस दर वेळी ठरावीकपणे पुढे किंवा मागेच बसत असेल, तर ‘एएफ फाइन-ट्यून’ किंवा ‘मायक्रो-अॅडजस्टमेंट’ या पर्यायातून तो फरक भरून काढता येतो. फोकस सेन्सरवरच ठरवणाऱ्या मिररलेसमध्ये ही गरज सहसा पडत नाही. दुरुस्तीला पाठवायची वेळ आलीच, तर तिपाईवरून, एकाच अंतरावर, एकाच लेन्सने, सर्वांत उघड्या अपर्चरवर घेतलेली चार-सहा चित्रे सोबत द्यावीत, म्हणजे कारागिराला दोष पुन्हा घडवून पाहता येतो.